जोर आतून येतो

माझं पहिलं मूल माझ्या आळसानं गेलं, असं आमच्या घरात ठरलं होतं. भांडणात कुणी ओरडून ते बोललं नाही. तशी गरजच नव्हती. वडनेरच्या बाजूला आमचं गाव, गावाच्या कडेला आमची वस्ती, आणि वस्तीतल्या शेंबड्या पोरीलासुद्धा माहीत होतं की या सुनेनं बाळंतपणात जोर लावला नाही, म्हणून पोरगा आतल्या आत गुदमरला. विहिरीवर जावं, निंदणाला जावं, माझ्या आधी ती गोष्ट तिथं पोचलेली असायची. पऱ्हाटीचा भारा उचलून डोक्यावर घेतला की एखादी म्हणायची, "आता पाहा, इथं कसा जोर येते इले." बाकीच्या हसायच्या. मीही हसायचे. न हसून कुठं जाणार होते?

हा निकाल दिला माझ्या सासूनं, आणि तिचा निकाल फिरवणार कोण? ती सुईण होती. आमच्या वस्तीचीच नाही, सगळ्या गावाची. ज्यांच्या ओट्यावर एरवी तिला पाय ठेवू देत नसत, त्या घरांच्या आतल्या खोलीत बाळंतपणापुरती तिची सत्ता चालायची. बाहेर पुरुष खाकरत येरझाऱ्या घालायचे आणि आत माझी सासू पाटलाच्या सुनेवर डाफरायची. मूल न्हाऊ घातलं की तिला वाटेला लावायचे आणि मागून घर शिंपून घ्यायचे. ते शिंपणं तिला दिसत नसेल असं नाही. पण पुढच्या खेपेला बोलावणं आलं की ती पदर खोचून तितक्याच तोऱ्यात निघायची. वाईट बाई नव्हती ती. हे मला लिहावंच लागेल, जिवावर आलं तरी.

माझी आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी करायचा प्रश्नच आला नाही. सासूच्याच हातात मी सापडले. तिची पद्धत एकच होती. पहिली कळ आली की जोर सुरू. आढ्याला बांधलेला दोर हातात द्यायचा, पाठीला एक बाई लावायची, आणि बाईची वेणी तिच्याच तोंडात कोंबायची. वेणी घशाशी गेली की उमासा येतो, उमाशानं पोट आवळतं, आणि आवळलेल्या पोटानं मूल खाली सरकतं, असं तिचं म्हणणं. तिच्या सासूनं तिला असंच बाळंत केलं होतं आणि तिनं अर्ध्या गावाला. केसांची ती खोबरेलाची आणि घामाची चव अजून माझ्या जिभेवर आहे.

सकाळपासून बाया म्हणत होत्या, कर जोर, कर. आणि मी करत होते. मला सांगायचं आहे ते एवढंच की त्या सबंध दिवसात माझ्या अंगानं मला आपणहून ढकल असं एकदाही म्हटलं नाही. कळा येत होत्या, कंबर फुटत होती, पण ढकलायचं ते बाया सांगत होत्या म्हणून. उन्हं कलली तेव्हा दोरावरचे हात आपोआप सुटायला लागले. मग कुणी पोटावर बसलं, कुणी मिठाचं गरम पाणी पाजलं. पोरगा आला तेव्हा मी धड शुद्धीत नव्हते. तो निळा होता एवढं आठवतं. सासूनं त्याला उलटा धरून चापट्या मारल्या, त्याच्या कानाशी थाळी वाजवली, बराच वेळ वाजवली, आणि मग थाळी थांबली. हात पुसत ती दारात गेली आणि बाहेर बसलेल्यांना म्हणाली, "पोरीनं जोरच नाई केला."

त्यानंतर काही वर्षांनी आमच्याकडची माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. घरातले देव गेले. वस्तीनं ठरवलं की पिढ्यान् पिढ्या लादलेली गावकीची कामं आता करायची नाहीत. मेलेली ढोरं ओढणं बंद झालं आणि त्याच बैठकीत सासूचं गावात बाळंतपणाला जाणंही बंद झालं. मात्र गावातून कुणाचं बोलावणं येऊन परत गेलं की त्या दिवशी घरातली भांडी जरा जास्त आपटायची. ह्यांना हिंगणघाटच्या कापडाच्या गिरणीत काम लागलं आणि आम्ही दोघं वणा नदीच्या बाजूला एका खोलीत राहायला आलो. तिथं मला पुन्हा दिवस गेले.

पहिल्या खेपेला सासूनं देवीला नवस बोलला होता. या खेपेला नवस बोलायला घरात देवच नव्हता. दीक्षेचा मला अभिमान होता, आजही आहे. पण पोट खाली उतरायला लागलं तेव्हा पाय कुणाचे धरायचे हे कळेना. हेही मूल गेलं तर मी जगणार नव्हते. नुसतं बोलायचं म्हणून सांगत नाही, नदी जवळ होती आणि मी तिकडे दोनदा जाऊन पाणी किती आहे ते पाहून आले होते. धरायला काहीतरी हवं होतं. उरला होता तो जोर. तेवढाच माझ्या हातातला होता.

मग मी जोराची तालीम सुरू केली. हसू नका. गिरणीच्या भोंग्यावर हे कामाला गेले की मी दार लोटून घ्यायचे, उखळाला धरून उकिडवी बसायचे आणि श्वास कोंडून खाली लोटायचे. शेजारीण एकदा दार ढकलून आत आली, माझं लाल झालेलं तोंड पाहून म्हणाली, "पोट साफ नाई होत का वो?" मी हो म्हटलं. तिनं माया करून एरंडेल आणून दिलं. ते मी मागच्या मोरीत ओतलं आणि पुन्हा उखळाशी बसले. पोटातलं मूल त्या वेळी काय म्हणत असेल, कोण जाणे.

सासू दिवस भरायच्या आधीच गावाहून येऊन राहिली होती. सकाळचा भोंगा झाला आणि पहिली कळ आली. मी तिला दोर बांधायला सांगितला. वेणी मी स्वतःच तोंडात घेतली. कळ आली की ढकलायचं, कळ गेली तरी ढकलायचं. या खेपेला कुणी म्हणायला नको होतं की हिनं हात राखला.

"असा पाह्यजे जोर," सासू माझी कंबर चोळत म्हणाली. "मांगच्या खेपेले असा केला असता तं..."

मी आणखी ढकललं.

दुपारी पाणी गेलं, आणि त्यापाठोपाठ काहीतरी वेगळंच सुरू झालं. मला परसाकडे जायची भयंकर घाई झाली. कंबरेत मागच्या हाडावर कुणी दगड ठेवून दाबतंय असं वाटत होतं. मला लाज वाटली.

"आत्याबाई, मले बाहेर जा लागते," मी म्हटलं.

"काई जा लागत नाई. लेकरूच हाय ते," ती म्हणाली. "आलंच समज. कर आता."

पण ते आलं नाही. मी करत राहिले आणि ते येईना. सावली दारातून भिंतीवर चढली. घशातून आवाज निघेना. खाली आग होत होती आणि रक्त लागत होतं. सासूनं हात घालून पाहिलं. हात काढल्यावर ती माझ्याकडे पाहीना, हाताकडेच पाहत राहिली. पहिल्या खेपेला थाळी थांबायच्या आधी तिचं तोंड असंच झालं होतं. मला कळलं की तेच चाललंय, जसंच्या तसं, आणि माझ्या अंगात आता चमचाभरसुद्धा जोर उरलेला नाही.

जन्मात जिनं कुणाला दवाखाना दाखवला नव्हता ती बाई उठली आणि शेजारणीला म्हणाली, "गिरनीत निरोप दे. त्याले म्हना टांगा आन."

टांग्यात प्रत्येक गचक्याला मला ढकलावंसं वाटत होतं. आता मी ठरवून ढकलत नव्हते, ते आपलं आपण होत होतं, आणि पुढे काहीच सरकत नव्हतं. सासूनं माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. दवाखान्यात आमच्यासारख्यांना कुणी हात लावेल की बाहेरच्या ओसरीत ठेवतील, याचीही धास्ती होती. हे पुढे घोड्यामागे बसून नुसते नाक ओढत होते.

नर्सबाई नागपूरकडची होती, अर्धी हिंदी बोलायची. उंच, हाडकुळी, कपाळावर कायमची आठी. तिनं जातपात काही विचारलं नाही. हात धुतले, तपासलं, आणि पहिलं वाक्य काय बोलली, तर "जोर मत कर."

मला वाटलं, थकव्यानं मला उलटं ऐकू येतंय.

"जोर बंद कर बाई. बिलकूल नाई करायचा. रस्ता अर्धाच उघडला हाय, आन त्याचा काठ सुजवून ठेवला तू."

मी तिला शिवी दिली. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं शिवी दिली असेल. एक मूल मी जोर लावला नाही म्हणून गेलं होतं, आणि ही बया म्हणत होती लावू नको. मी तिचा हात झटकला आणि होता नव्हता तेवढा दम गोळा करून ढकललं. तिनं माझ्या गालावर थोपटलं, मारल्यासारखंच थोपटलं, आणि सासूकडे वळली. ही बाई सुईण आहे हे तिला ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी ती पोरीसोबत आलेली एक म्हातारी होती.

"माय, लहान पोराचं झबलं काढता ना तुम्ही? गळ्याचं बटन न उघडता ओढलं तर काय होते?"

"अडकते," सासू म्हणाली.

"आन आणखी ओढलं तर?"

सासूचा हात आपसूक स्वतःच्या गळ्याशी गेला.

"गळा काचते. कपडा निघत नाई. तसंच करून राह्यली ही. पोराचं तोंड वरती हाय. डोक्याचा मागचा कडक भाग हिच्या पाठीच्या हाडावर दाबते, म्हणून हिला टाइमाच्या आधीच जोर येते. बटन उघडू द्या पहिले. तवर तुम्ही सांभाळा हिला. जोर नाई करू द्यायचा."

तिनं मला उलटं केलं. गुडघ्यांवर आणि हातांवर, डोकं खाली, गाईसारखं. म्हणाली, कळ आली की तोंडानं फू फू करत श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. सासू माझ्या तोंडासमोर खाली फरशीवर बसली. मी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं ती नर्सबाईला बोलेल, भांडेल, म्हणेल की मी अर्धं गाव बाळंत केलं, तू कोण मला शिकवणारी.

कळ आली. सगळं अंग खाली लोटायला धावलं.

"जोर नोको करू पोरी," सासू म्हणाली. तिच्या तोंडून ते शब्द असे निघाले जसे दुसऱ्याच कुणाचे असावेत. "माह्याकडं पाह्य. फू कर. माह्या संगं कर."

न ढकलणं काय असतं, हे ज्यानं केलं नाही त्याला कसं सांगू? ओकारी ओठांपर्यंत आली आहे आणि कुणीतरी म्हणतंय, थांबव. मी रडले, पाया पडते म्हटलं, पलंगाची पट्टी चावली. दोन-तीन कळांना चोरून ढकललंही, पण नर्सबाई पाठीमागून म्हणायची, "मला दिसते." मला वाटत होतं की या दोघी मिळून माझं दुसरंही मूल मारत आहेत, आणि सासूही नर्सबाईच्याच बाजूची झाली आहे. जगात माझ्या बाजूचं कुणी नाही. मी त्या मुलाला मनात म्हणत होते, बाबा रे, मी नाही म्हणत थांब, या म्हणतात, माझ्यावर रागावू नको. आणि सासू फू फू करत होती, तिच्या बोळक्या तोंडाचा तंबाखूचा श्वास माझ्या तोंडावर येत होता, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

किती वेळ गेला ते मला माहीत नाही. केव्हातरी पाठीतला तो दगड सरकला. खरंच सरकला, बाजूनं फिरून पुढे गेल्यासारखा. आणि नंतर सगळं थांबलं. कळाच थांबल्या. मी इतकी घाबरले की घाबरायलाही ताकद उरली नाही. म्हटलं, संपलं, गेलं तेही. नर्सबाईनं मला कुशीवर घेतलं, पोटावर लाकडी नळी टेकवून कान लावला आणि त्याच आठीनं म्हणाली, "हाय. चांगलं हाय. थोडी झोप काढ."

मी खरोखर झोपले. दिव्याच्या भर उजेडात, उघड्या अंगानं, दोन बायकांच्या मधे.

मला जागं केलं ते त्या जोरानं. आता सांगते, तो जोर मी आणला नव्हता. कुणी मला कर म्हणत नव्हतं. माझ्या आत खूप खाली काहीतरी टेकलं आणि त्याबरोबर माझं सगळं अंग, छातीपासून गुडघ्यांपर्यंत, आपणहून आवळलं आणि खाली निघालं. घशातून एक आवाज निघाला, ढोराच्या गळ्यातून निघतो तसा, तो माझा आहे हे मला नंतर कळलं. मी तो थांबवू शकले नसते आणि वाढवूही शकले नसते. उखळाशी बसून मी केलेली सगळी तालीम त्याच्यापुढे पोरखेळ होती.

नर्सबाईनं पाहिलं आणि म्हणाली, "अब. आता जसं येते तसं येऊ दे."

तो पुन्हा आला, पुन्हा आला. मी दमलेली होते, सकाळपासून पिळून निघालेली होते, आणि तरी तो येत होता, कारण त्याला माझी परवानगी लागत नव्हती. मग जळलं, फाटलं, आणि ते बाहेर होतं. पहिल्यांदा काहीच ऐकू आलं नाही. मी थाळीची वाट पाहत होते. थाळी वाजली नाही. मुलगी रडली. बारीक, चिडलेलं रडणं होतं, माझ्याच स्वभावाचं.

मला टाके घालताना नर्सबाई जरा बोलकी झाली. सासूनंच तिला विचारलं, "बाई, तो जोर येते तं कायनं येते वो?"

"डोक्यानं," नर्सबाई म्हणाली. "पोराचं डोकं पूरा खाली उतरते आन बुडाशी जिथं दाबते, तिथं शरीराला समजते की आता काढायचं. मग पिशवी आणखी जोरानं आवळते. ती आवळली की डोकं आणखी दाबते, डोकं दाबलं की पिशवी आणखी आवळते. असं चालते ते. बाईनं करायचं काई नसते त्याच्यात. डोकं वर असताना बाहेरून किती बी सांगा, बाई फक्त थकते."

"आन पहिल्या कळेपासून करवला तं?"

"सूज येते. आई थकते. पोराचा दम बी कमी पडू शकते."

"मरते?"

"मरू शकते. सगळ्यांचं तसं होत नाई." नर्सबाईनं दोरा तोडला आणि हात धुवायला गेली.

मला वॉर्डात आणून निजवलं. पोरगी माझ्या बाजूला गुंडाळून ठेवली होती. शेजारच्या खाटांवर दोघी-तिघी बाळंतिणी होत्या, त्यांची माणसं होती. सासू माझ्या खाटेच्या पायाशी बराच वेळ खाली बसून राहिली. मग उठून जवळ आली, पोरीच्या अंगावरचं फडकं उगाचच सारखं केलं, आणि माझ्याकडे न पाहता, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "तवा तुनं जोर केलता. माह्या हाताले लागत होता."

मला समजायला वेळ लागला.

"मंग काऊन सांगतलं तसं?" मी विचारलं.

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "काय सांगतो मी? माह्या हातानं गेलं म्हनून सांगतो? मंग मले गावात कोनं बलावलं असतं?"

मला तिला मारावंसं वाटलं. हात उचलायचं त्राण नव्हतं म्हणून मारलं नाही, मोठ्या मनानं नाही. तिचं मला कळलं होतं, अख्ख्या गावात तेवढी एक खोली तिची होती, हेही कळलं होतं. पण माफ केलं असं मी म्हणणार नाही, तेव्हाही केलं नाही आणि ती गेली तेव्हाही नाही. माझा पोरगा कशानं गेला हे तर कुणालाच कधी कळणार नाही, मलाही नाही. कळलं ते एवढंच की मी त्याच्यासाठी काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. ज्याला आपण मारलं त्याच्यासाठी रडायचा हक्क मला नव्हता, म्हणून मी इतकी वर्षं त्याच्या नावानं टिपूसही काढलं नव्हतं. आता ते आलं. ते अडवणं मला जमलं नसतं. खाटेची दांडी धरून मी गळा काढून रडले, त्या निळ्या पोरासाठी, ज्याला मी नीट पाहिलंही नव्हतं. सासू बाजूला उभी राहून रडत होती.

पलीकडच्या खाटेवरच्या बाळंतिणीची आई उठून माझ्याजवळ आली. तिनं माझ्या बाजूच्या पोरीकडे पाहिलं, मायेनं माझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "रडू नोको बाई. पुढच्या खेपेले होईन पोरगा."

पोरगा मला झाला होता.